शाय (इंग्रजी शब्द)

शाय हा इंग्रजी भाषेतील एक जुना, एकाक्षरी शब्द आहे. तो विशेषण, क्रियापद आणि नाम अशा तिन्ही प्रकारे वापरला जातो. अनोळखी किंवा पुष्कळ माणसांसमोर वावरताना, बोलताना संकोचणाऱ्या व्यक्तीचे वर्णन करणारे विशेषण हा त्याचा आजचा सर्वपरिचित उपयोग होय. मराठी माध्यमाच्या शाळांतून या शब्दाचा अर्थ सामान्यतः 'लाजाळू' असा शिकवला जातो. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. 'शाय' या शब्दाचे मूळ लज्जेत नसून भयात आहे. दचकणारे, बिचकणारे, पाऊल मागे घेणारे जनावर हे या शब्दामागचे मूळ चित्र होय. त्यामुळे त्याला सर्वांत जवळचा मराठी शब्द 'लाजाळू' नसून 'बुजरा' हा ठरतो. या लेखात शब्दाची व्युत्पत्ती, अर्थविकास, समीपार्थी इंग्रजी शब्द आणि मराठी प्रतिशब्द यांचा विचार केला आहे.

उच्चार आणि रूपे

या शब्दाचा उच्चार 'शाय' किंवा 'शाइ' असा होतो. विशेषणाची तुलनादर्शक रूपे 'शायर' (अधिक बुजरा) आणि 'शायेस्ट' (सर्वांत बुजरा) अशी आहेत. इंग्रजी लेखनात या रूपांमध्ये 'वाय' हे अक्षर कायम ठेवणे किंवा त्याऐवजी 'आय' लिहिणे, अशा दोन्ही पद्धती मान्य आहेत. 'शायनेस' हे भाववाचक नाम (बुजरेपणा) आणि 'शायली' हे क्रियाविशेषण (बुजरेपणाने) होय. क्रियाविशेषणात मात्र 'वाय' कायम ठेवण्याची पद्धत अधिक रूढ आहे. क्रियापदाची रूपे 'शाइज', 'शाइड' आणि 'शाइंग' अशी होतात.

'शायर' हे रूप आणि कवी या अर्थाचा, अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आलेला 'शायर' हा शब्द यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. इंग्लंडमधील परगण्यांच्या नावांत येणारा 'शायर' हाही वेगळाच शब्द आहे.

व्युत्पत्ती

'शाय' हा शब्द इंग्रजीने लॅटिन किंवा फ्रेंचकडून उसना घेतलेला नाही. तो तिच्या जर्मॅनिक वारशातील आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, त्याचे रूप 'शेओह्' असे होते आणि अर्थ 'भित्रा, चटकन दचकणारा' असा होता. या रूपातील अखेरचा 'ह्' घशातून, 'ख'च्या जवळपास उच्चारला जात असे. पुढे हा ध्वनी लुप्त झाला आणि मागचा स्वर दीर्घ 'ई' झाला. पंधराव्या शतकापासून इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे जे मोठे स्थित्यंतर घडले, त्यात या 'ई'चा 'आय' झाला. उंच या अर्थाचा 'हाय' आणि मांडी या अर्थाचा 'थाय' हे शब्दही याच वाटेने आजच्या उच्चारापर्यंत आले आहेत.

भाषाशास्त्रज्ञांनी आदि-जर्मॅनिक भाषेत या शब्दाचे 'स्केउह्वाझ' असे रूप पुनर्रचित केले आहे आणि त्याचा अर्थ 'भयभीत' असा दिला आहे. पुनर्रचित रूप कोणत्याही ग्रंथात वा शिलालेखात सापडत नाही. भगिनी भाषांतील शब्दांची तुलना करून ते अनुमानाने ठरवले जाते. या शब्दाच्या बाबतीत अशा भगिनी भाषांपैकी जर्मन आणि डच या प्रमुख आहेत. जर्मन भाषेत 'शॉय' आणि डच भाषेत 'स्ख्यूव' हे शब्द आजही बुजरा, बिचकणारा याच अर्थाने प्रचलित आहेत.

या कुळातील एक शब्द इंग्रजीत दुसऱ्या दाराने शिरला आहे. फ्रँक ही जर्मॅनिक जमात आजच्या फ्रान्समध्ये स्थिरावली, तेव्हा तिच्या भाषेतील 'भिणे, टाळणे' या अर्थाचे क्रियापद जुन्या फ्रेंच भाषेत गेले. नॉर्मन विजयानंतरच्या काळात ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याचे 'एस्च्यू' (कटाक्षाने टाळणे, वर्ज्य करणे) असे रूप झाले. इटालियन भाषेतील टाळणे या अर्थाचे 'स्कीव्हारे' हे क्रियापदही याच उगमाचे आहे. अशा रीतीने एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज इंग्रजीत नांदताना दिसतात. एक घरातच वाढला, तर दुसरा परदेशी जाऊन परतला. पहिला बोलण्यातला आणि दुसरा ग्रंथांतला आहे. मराठीत 'लाज' हा तद्भव शब्द आणि 'लज्जा' हा तत्सम शब्द जसे शेजारी शेजारी नांदतात, तशीच ही जोडी आहे. फरक एवढाच की इंग्रजी जोडीतील शब्दांचे अर्थ एकमेकांपासून बरेच दूर गेले आहेत.

जर्मन भाषेतील आप्त शब्द

'शाय'मागचे भयाचे मूळ इंग्रजीपेक्षा जर्मन भाषेत अधिक स्पष्ट दिसते. जर्मनमध्ये 'शॉयेन' या क्रियापदाचा अर्थ 'बिचकणे, कचरणे' असा होतो, तर 'शॉयखेन' याचा अर्थ 'घाबरवून हाकलणे' असा होतो. या दुसऱ्या क्रियापदापासून 'फोगेलशॉयखे' हा शब्द बनला आहे. 'फोगेल' म्हणजे पक्षी. पक्ष्यांना घाबरवून हाकलणारी वस्तू, म्हणजेच शेतातील बुजगावणे. गाडीच्या घोड्याने आजूबाजूला पाहून बुजू नये म्हणून त्याच्या डोळ्यांच्या कडेला जी झापडे लावतात, त्यांना जर्मनमध्ये 'शॉयक्लापेन' म्हणतात. लाजऱ्या-बुजऱ्या माणसासाठी जर्मनमध्ये आज 'श्युख्टर्न' हा शब्द अधिक रूढ आहे. तोही याच कुळातला आहे.

मराठी वाचकाला येथे एक साम्य सहज जाणवेल. मराठीत 'बुजणे' या क्रियापदापासून 'बुजरा' हे विशेषण आणि 'बुजगावणे' हे नाम अशी मालिका तयार झाली आहे. बैल बुजतो, पोर बुजरे असते आणि पाखरांना बुजवण्यासाठी बुजगावणे उभारले जाते. जर्मनमधील 'शॉयेन', 'शॉय' आणि 'फोगेलशॉयखे' ही मालिका नेमक्या याच तीन पायऱ्यांनी जाते. हे साम्य उसनवारीचे नाही आणि समान उगमाचेही नाही. घोडे आणि बैल पाळणाऱ्या, पेरलेले धान्य पाखरांपासून राखणाऱ्या दोन दूरच्या कृषक समाजांनी एकाच अनुभवावरून स्वतंत्रपणे घडवलेल्या या दोन मालिका आहेत.

(खड्डा 'बुजणे' किंवा 'बुजवणे' यातील क्रियापद अर्थाने निराळे आहे. त्याची येथे गल्लत करू नये.)

अर्थविकास

१. चटकन बिचकणारे जनावर. घोडा स्वभावतः सावध प्राणी आहे. कुंपणावर फडफडणारे फडके किंवा वाऱ्याने उडालेला कागद पाहून तो एकाएकी अंग चोरून बाजूला उडी घेतो. या कृतीला इंग्रजीत 'शाय' हेच क्रियापद वापरतात आणि ते सतराव्या शतकापासून प्रचारात आहे. मराठीत याला 'घोडा बुजला' असे म्हणतात. माणसाच्या वाऱ्यालाही न थांबणारी हरणे, पाखरे आणि अन्य वन्य प्राणी यांच्यासाठी 'शाय' हे विशेषण आजही निसर्गविषयक लेखनात सर्रास योजले जाते.

२. संकोचणारी व्यक्ती. जनावराचे बिचकणे माणसाला लावले गेले तेव्हा आजचा प्रमुख अर्थ सिद्ध झाला. येथे भय जिवाचे नसते. ते लोकांच्या नजरेचे, त्यांच्या मताचे, त्यांच्या हसण्याचे असते. घोडा ज्याप्रमाणे अंग चोरतो, त्याप्रमाणे अशी व्यक्ती नजर चुकवते, मागच्या बाकावर बसते आणि उत्तर येत असूनही हात वर करत नाही.

३. कचरणारा, हात आखडणारा. एखादी गोष्ट करण्यास किंवा एखाद्या व्यवहारात पडण्यास जो सावधपणे टाळाटाळ करतो, त्याच्याविषयीही हे विशेषण येते. या अर्थात संकोचापेक्षा सावधगिरी अधिक असते.

४. उणा, कमी पडणारा. हा अर्थ अमेरिकन इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुगाराच्या बोलीतून पुढे आला. डावात लावायची रक्कम ज्याच्याकडे कमी आहे, तो 'शाय'. आता हा अर्थ सर्वत्र रूढ आहे. ९८ धावांवर बाद झालेल्या फलंदाजाविषयी इंग्रजी समालोचक तो शतकाला दोन धावांनी 'शाय' राहिला असे म्हणतात. तेथे फलंदाजाच्या स्वभावाविषयी काहीही सांगितलेले नसते.

५. फेकणे. चेंडू किंवा दगड चटकन भिरकावणे या अर्थाचे 'शाय' हे क्रियापद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळते. कोशकार त्याची स्वतंत्र नोंद करतात. क्षेत्ररक्षकाने यष्ट्यांच्या दिशेने केलेल्या थेट फेकीला क्रिकेटच्या समालोचनात याच अर्थाने 'शाय' म्हणतात. इंग्लंडच्या जत्रांमध्ये चेंडू मारून नारळ पाडण्याचा एक खेळ असतो. त्याचे नाव 'कोकोनट शाय' असे आहे. लाजरा नारळ असा त्याचा अर्थ केल्यास फसगत होते.

जोडशब्द, वाक्प्रचार आणि म्हणी

'शाय' हा शब्द दुसऱ्या नामाच्या शेवटी जोडून अनेक विशेषणे तयार होतात. या सर्वांत लाजेचा अर्थ नाही, तर 'त्या गोष्टीपासून दूर पळणारा' असा अर्थ आहे. 'कॅमेरा-शाय' म्हणजे छायाचित्र काढून घेण्यास टाळणारा. 'गन-शाय' हे मूळचे बंदुकीच्या आवाजाला भिणाऱ्या शिकारी कुत्र्याचे विशेषण असून आता ते पूर्वानुभवाने धास्तावलेल्या माणसालाही लावतात. 'वर्क-शाय' म्हणजे अंगचोर, कामचुकार.

या शेवटच्या शब्दाच्या जर्मन भावंडाला एक काळा इतिहास आहे. नाझी राजवटीत 'आर्बाइट्सशॉय' म्हणजे कामचुकार, हा शब्द सरकारी वर्गवारीचे नाव बनला. १९३८ साली एप्रिल आणि जून महिन्यांत राबवलेल्या अटकसत्रांत या नावाखाली दहा हजारांहून अधिक पुरुषांना पकडून छळछावण्यांत डांबण्यात आले. त्यांत बेघर, भिक्षेकरी, स्थिर रोजगार नसलेले लोक, तसेच सिंती व रोमा समाजातील माणसे होती. पूर्वी शिक्षा झालेल्या ज्यू पुरुषांनाही या मोहिमेत पकडण्यात आले. स्वभावाचे वर्णन करणारे विशेषण सत्तेच्या हाती शिक्का म्हणून पडले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे.

एकदा चावा बसलेला दुसऱ्यांदा दुप्पट 'शाय' होतो, अशा आशयाची एक इंग्रजी म्हण प्रसिद्ध आहे. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, ही तिची मराठी जोड होय. येथेही 'शाय' म्हणजे लाजणारा नव्हे, तर धास्तावलेला, सावध झालेला. बुजऱ्या पोरांना काहीच मिळत नाही, अशा अर्थाची म्हण इंग्लंडच्या ईशान्य भागात बोलली जाते. 'भीड भिकेची बहीण' ही मराठी म्हण हेच सांगते. एखाद्या गोष्टीपासून चार हात दूर राहणे या अर्थाच्या 'फाइट शाय' या वाक्प्रचारातही मूळचे बुजणेच दिसते.

समीपार्थी इंग्रजी शब्द

इंग्रजीत संकोचाच्या छटा सांगणारे शब्द बरेच आहेत. कोशात त्यांच्यापुढे बहुधा एकसारखेच मराठी शब्द आढळतात. मात्र त्यांची मुळे पाहिली असता प्रत्येकामागचे चित्र निराळे असल्याचे लक्षात येते.

बॅशफुल : याचे मूळ जुन्या फ्रेंचमधील 'थक्क होणे, आ वासणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. त्याच्याही मागे तोंड उघडे पडणे, जांभई देणे या अर्थाचा उत्तरकालीन लॅटिन धातू मानला जातो. आधी तोंड उघडे पडणे, मग गोंधळून जाणे आणि शेवटी ओशाळणे, असा या शब्दाचा प्रवास झाला. सोळाव्या शतकापासून तो आजच्या अर्थाने आढळतो. लहान मुलांच्या आणि तरुणांच्या लाजण्याला तो विशेष शोभतो. वॉल्ट डिस्नी यांच्या १९३७ सालच्या हिमगौरीवरील चित्रपटातील सात बुटक्यांपैकी एकाचे नाव 'बॅशफुल' असे आहे.

कॉय : लॅटिनमधील शांत, निवांत या अर्थाच्या 'क्विएतुस' या शब्दापासून फ्रेंचमार्गे हा शब्द आला. त्यामुळे शांत या अर्थाच्या 'क्वाएट' या शब्दाचे तो भावंड ठरतो. आरंभी त्याचा अर्थ शांत, विनयी असा होता. आज त्याला आविर्भावाची छटा आली आहे. मनात असूनही नाही नाही म्हणणारी, लाडिक लाज असा त्याचा भाव असतो. इंग्रज कवी अँड्र्यू मार्व्हेल यांच्या १६८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका विख्यात कवितेच्या शीर्षकात हा शब्द आहे.

डिफिडंट : लॅटिनमध्ये 'फिदेरे' म्हणजे विश्वास ठेवणे. त्याला अभावदर्शक उपसर्ग लागून हा शब्द बनला. प्रारंभी तो दुसऱ्यांवर अविश्वास दाखवणाऱ्याला लावला जात असे. टॉमस हॉब्ज यांनी 'लेव्हायथन' (१६५१) या ग्रंथात माणसामाणसांतील कलहाची जी तीन कारणे सांगितली, त्यांत 'डिफिडन्स' म्हणजे परस्परांवरील अविश्वास हे एक आहे. पुढे अविश्वासाचा रोख आतल्या बाजूला वळला आणि 'स्वतःवर विश्वास नसलेला' असा आजचा अर्थ रूढ झाला.

टिमिड : लॅटिनमधील भिणे या अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द. सरळ अर्थ भित्रा, भीरू.

मॉडेस्ट : लॅटिन 'मोदुस' म्हणजे माप, मर्यादा. मर्यादशील, विनयी हा त्याचा अर्थ. यात भय नाही आणि गोंधळही नाही. म्हणूनच हा गुण मानला जातो, तर 'शाय' असणे हे केवळ स्वभाववर्णन मानले जाते.

विज्ञान आणि मानसशास्त्रातील विचार

चार्ल्स डार्विन यांनी 'मानव व प्राणी यांच्यातील भावनांची अभिव्यक्ती' या विषयावरील १८७२ सालच्या ग्रंथात लज्जा, बुजरेपणा, विनय आणि चेहरा लाल होणे यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. अनेक भाषांतील शब्दांची व्युत्पत्ती पाहता बुजरेपणाचे भयाशी जवळचे नाते दिसते, हे त्यांनी तेथे नोंदवले आहे. मात्र हे नेहमीचे भय नव्हे, असेही ते म्हणतात. रणांगणावर शूर ठरणारा मनुष्य परक्या माणसांसमोर क्षुल्लक बाबतीत अवघडू शकतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. काही दिवस घराबाहेर राहून परतल्यावर आपलाच सुमारे सव्वादोन वर्षांचा मुलगा आपल्यासमोर क्षणभर बुजला आणि त्याने नजर किंचित वळवली, ही घरगुती नोंदही डार्विन यांनी केली आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांनी आपण बुजरे असल्याचे सांगितले. या विषयावरील त्यांचे पुस्तक १९७७ साली प्रसिद्ध झाले. बुजरेपणा हा काही मोजक्यांचा दोष नसून अत्यंत सामान्य असा मानवी अनुभव आहे, ही गोष्ट या अभ्यासामुळे लोकांसमोर आली.

बुजरेपणा आणि अंतर्मुखता यांत भेद केला जातो. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली. अंतर्मुख माणसाला एकांत आवडतो आणि गर्दीत त्याची शक्ती खर्च होते. पण तो लोकांना भीत असेलच असे नाही. उलट बुजऱ्या माणसाला संगत हवी असते, पण ती मागण्याचे धाडस होत नाही. सुझन केन यांनी 'क्वाएट' (२०१२) या पुस्तकात हा फरक सामान्य वाचकांसाठी मांडला आहे. दैनंदिन जीवन, शिक्षण किंवा नोकरी यांत अडथळा येईल इतके हे भय तीव्र आणि दीर्घकाळ टिकणारे असेल, तर त्याला सामाजिक चिंताविकार म्हणतात. त्यावर तज्ज्ञांच्या मदतीने उपचार होऊ शकतात. साधा बुजरेपणा हा विकार नव्हे.

मराठी प्रतिशब्द

'शाय' या एका शब्दासाठी मराठीत संदर्भानुसार निरनिराळे शब्द योजावे लागतात.

बुजरा : अनोळखी माणसांना बिचकणारा. माणूस आणि जनावर दोघांनाही लागू पडतो. मूळ अर्थाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रतिशब्द.

लाजाळू, लाजरा : संस्कृत 'लज्जा' या शब्दापासून. प्रशंसा ऐकून किंवा विवाहाचा विषय निघाल्यावर येणाऱ्या संकोचाला योग्य. लाजरे हसू, लाजरी नजर असे प्रयोग होतात.

संकोची : संस्कृतात 'संकोच' म्हणजे आकसणे, मिटणे. मनाने आखडून घेणारा.

भिडस्त : भिडेखातर ज्याला नाही म्हणता येत नाही किंवा स्वतःसाठी मागता येत नाही असा. यात समोरच्याचे मन न दुखवण्याची काळजी असते. इंग्रजीत याला नेमका एकच शब्द सांगणे कठीण आहे.

मुखदुर्बळ : मनात पुष्कळ असूनही जो चारचौघांत बोलू शकत नाही असा.

योग्य प्रतिशब्द निवडण्यासाठी दोन सोप्या कसोट्या लावता येतात. पहिली कसोटी जनावराची. इंग्रजीत हरिणाला 'शाय' म्हणता येते. मराठीत आपण 'बुजरे हरीण' म्हणतो, 'लाजाळू हरीण' म्हणत नाही. दुसरी कसोटी विरुद्धार्थी शब्दाची. 'बुजरा' याच्या उलट 'धीट'. 'लाज' नसलेला मात्र 'निर्लज्ज' किंवा 'निलाजरा' ठरतो. जो 'शाय' नाही, तो निर्लज्ज असतो असे कोणीही म्हणणार नाही. यावरून 'शाय' हा शब्द लाजेच्या पंक्तीत न बसता बुजण्याच्या पंक्तीत बसतो हे स्पष्ट होते.

हा भेद केवळ कोशातला नाही. मराठीत 'लाज' या शब्दात संकोच आणि शरम हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. लाज वाटणे, लाज काढणे, लाज राखणे, लाज सोडणे या सर्व प्रयोगांत प्रतिष्ठेचा किंवा अपराधाचा भाव आहे. 'मी शाय आहे' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे 'मला लाज वाटते' असे भाषांतर केल्यास, काहीही चूक न करता त्या माणसाच्या माथी अपराध येतो. घरी पाहुणे आले असता दाराआड उभ्या राहणाऱ्या मुलाला 'लाजतोस काय मुलीसारखा' असे सहज म्हटले जाते. या एका वाक्यात दोन चुका आहेत. मूल लाजत नसून बुजलेले असते, ही पहिली. लाजणे हे मुलींकडे सोपवलेले काम आहे असे त्यातून सूचित होते, ही दुसरी. त्याउलट मोठ्या माणसाचा बुजरेपणा पुष्कळदा 'शिष्टपणा' किंवा 'घुमेपणा' समजला जातो. चुकीचे नाव दिले की उपायही चुकीचा केला जातो. शरम वाटणाऱ्याला काय चुकले ते विचारावे लागते, शिष्टाला समज द्यावी लागते, पण बुजलेल्याला धीर द्यावा लागतो.

'लाजाळू' ही वनस्पती

मराठीत 'लाजाळू' हे एका वनस्पतीचेही नाव आहे. तिचे शास्त्रीय नाव 'मिमोसा पुडिका' असे असून ते कार्ल लिनियस यांनी १७५३ साली दिले. लॅटिनमधील 'पुडिका' म्हणजे विनयी, लज्जाशील. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील आहे. आज ती भारतातही सर्वत्र आढळते. स्पर्श होताच तिच्या पानांच्या तळाशी असलेल्या फुगीर सांध्यांतील काही पेशींमधून पाणी बाहेर पडते. तेथील ताठरता कमी होते आणि पाने मिटून खाली झुकतात. काही मिनिटांनी ती पुन्हा उघडतात. इंग्रजीत तिला 'संवेदनशील वनस्पती' या अर्थाचे नाव आहे. 'शाय प्लँट' असेही तिला म्हणतात. लॅटिन आणि मराठी या दोन्ही भाषांना तिच्या मिटण्यात लज्जा दिसली. वस्तुतः हे मिटणे बाहेरच्या धक्क्याला दिलेला प्रतिसाद असून तृणभक्षक प्राण्यांपासून रक्षण हा त्याचा एक उपयोग मानला जातो. म्हणजे नाव 'लाजाळू' असले तरी वागणे बुजण्याचेच आहे.

अध्यापनातील उपयोग

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने 'शाय' या शब्दाचा एकच अर्थ पाठ न करता संदर्भ पाहून अर्थ लावावा. व्यक्तीविषयी असल्यास बुजरा किंवा संकोची, हसू अथवा नजर यांविषयी असल्यास लाजरा, जनावराविषयी असल्यास बुजरा, जोडशब्दाच्या शेवटी असल्यास टाळणारा, संख्येविषयी असल्यास उणा, आणि चेंडूविषयी असल्यास फेक, असे अर्थ साधारणपणे जुळतात.

शब्दाचे मूळ शिक्षकांनाही उपयोगी पडणारे आहे. बुजलेल्या बैलाला जाणता शेतकरी ओढत नाही. तो थांबतो, त्याला चुचकारतो, ज्या वस्तूला तो बुजला ती त्याला दुरून पाहू देतो आणि मग हळूहळू पुढे नेतो. वर्गातील बुजऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सर्वांसमोर उभे करण्याऐवजी आधी जागेवर बसून उत्तर देऊ देणे, मग दोघातिघांत बोलू देणे आणि नंतर वर्गापुढे आणणे, हा क्रम याच तत्त्वाचा आहे. हळूहळू सरावाने संकोच ओसरण्याच्या या क्रियेला मराठीत 'भीड चेपणे' असा वाक्प्रचार आहे.